आढीचं कुलूप

"परत उघडलीस ना पेटी?"

"उघडली कुठं? झाकण जरा वर केलंय."

"आई, झाकण वर करण्यालाच उघडणं म्हणतात."

"बरं बाई, उघडली. आता काय फासावर देतेस? माझी पेटी, माझी फळं, माझ्याच शेडमध्ये उभी आहे मी. आज सहावा दिवस. आतल्या आत काय चाललंय ह्यांचं, कळायला नको?"

"डोळ्यांनी बघ की मग. हात कशाला घालतेस?"

"हात लावल्याशिवाय दिसतं होय कुणाला!"

असं म्हणत तिनं भुशात हात घातलाच. कागदात गुंडाळलेलं एक फळ वर काढलं, कागद उलगडला, देठाच्या बाजूला अंगठ्यानं दाबून पाहिलं, नाकातल्या नाकात "हं" केलं आणि परत गुंडाळून भुशात पुरलं. मग दुसरं काढलं. पत्र्याच्या त्या पेटीत अशी सात फळं होती आणि सातांचीही विचारपूस झाल्याशिवाय झाकण पडणार नव्हतं. लेकीनं कपाळावर हात मारला आणि ती आपल्या वजनकाट्याकडे वळली.

पेटी उघडणाऱ्या ह्या बाईला सगळी पंचक्रोशी भिंगरी म्हणते. नाव सासऱ्यानं ठेवलेलं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातली मांडणी तीनदा बदलली. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याला मीठ सापडेना, तेव्हा तो म्हणाला, "सून आणलीय का भिंगरी?" ते चिकटलं ते चिकटलंच. आज साठीला दोन वर्षं कमी आहेत, गुडघे बोलायला लागलेत, पण पाय ठरत नाहीत. चहा उभ्यानं पिते, तोही येरझाऱ्या घालत. ढवळलेला चहा पुन्हा ढवळते. पाण्याची मोटर चालू केली की ती खरंच चालू झाली का, हे बघायला विहिरीपर्यंत जाते, आणि परत येताना शंका आली की पुन्हा जाते. तिच्या दिराच्या मते तिला बसलेलं एकाच माणसानं पाहिलंय, तो म्हणजे फोटोग्राफर, आणि त्याचाही फोटो हललेला आला.

अशा बाईच्या नशिबी बाग आली ती अ‍ॅव्होकाडोची. ह्या झाडाइतकं सावकाश झाड दुसरं शोधून सापडायचं नाही. फुलापासून तोडणीपर्यंत जवळजवळ वर्ष घेतं. फळ फांदीला महिनोन्‌महिने लटकतं, आणि फांदीवर काही केल्या पिकत नाही. पिकायचं ते तोडल्यावर, आठ-दहा दिवसांनी. वरून कोवळं कुठलं आणि तयार कुठलं, सांगता येत नाही. दोन्ही हिरवी, दोन्ही दगडासारखी. फरक कळतो तो पुढं. तयार फळ तोडलं तर आठवडाभरानं लोण्यासारखं होतं. कोवळं तोडलं तर मऊ होतच नाही, सुरकुततं, रबरासारखं चिवट होतं आणि तसंच मरतं.

म्हणून सासऱ्यानं, त्याच्यामागून नवऱ्यानं आढी घालायचा रिवाज ठेवला होता. तोडणीच्या आधी बागेतून सात झाडांची सात फळं आणायची, कागदात गुंडाळून भुशात ठेवायची. आठ-दहा दिवसांत तीन-चार तरी मऊ पडली की बाग तयार. मग घरातल्या कर्त्यानं एकच शब्द बोलायचा, "तोडा." तो शब्द पडल्याशिवाय झाडाला कात्री लागायची नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तो शब्द भिंगरीच्या तोंडात होता.

नवरा असताना पेटीला कुलूप असायचं. पितळेचं, अंगठ्याएवढं. किल्ली त्याच्या कमरेच्या पट्ट्याला. बावीस वर्षं ते कुलूप भिंगरीला सलत राहिलं. भांडी घासताना, लाकडं फोडताना, शेजारणीजवळ मन मोकळं करताना ती म्हणायची, "सोनं उघड्या कपाटात ठेवतो आणि फळं कुलपात. मी काय रातोरात सात फळं गिळणार आहे?" नवरा ऐकून घ्यायचा, मिशीत हसायचा आणि किल्ली चाचपायचा. तो गेल्यावर पंधराव्या दिवशी तिनं पेटीच्या कड्या पक्कडीनं पिळून काढल्या आणि कुलूप नदीत भिरकावलं. फार लांब गेलं नाही म्हणून पुन्हा उचलून दुसऱ्यांदा फेकलं.

घोडं अडलं होतं ते खालच्या तुकड्यापाशी. वरचा तुकडा उतारावर आहे, त्याची घाई नाही. खालचा मात्र नदीला लागून. काळी गाळाची जमीन, काठी रोवली तरी पालवी फुटेल अशी. झाडं तिथं मस्तवाल वाढतात, फांद्यांना टेकू द्यावे लागतात. पण ह्या झाडाला पाणी प्यायला आवडतं, पाण्यात उभं राहायला आवडत नाही. वरच्या धरणाचे दरवाजे दहा दिवसांनी उघडणार, अशी सूचना आली होती. दरवाजे उघडले की नदी काठ सोडत नाही, पण जमिनीखालून पाणी झिरपत येतं आणि खालच्या तुकड्यात मुळं भिजून राहतात. चार दिवस पाय ओले राहिले की झाडं फळं गाळायला लागतात. आणि तोडणीची टोळी मिळत होती ती फक्त उद्या. परवा ती नदीपलीकडच्या मळ्यांवर जाणार, तिकडून सुटायला तीन आठवडे.

म्हणजे आज संध्याकाळच्या आत ठरवायचं, उद्या तोडायचं की नाही. आणि गेल्या वर्षाचं भूत मानेवर बसलेलं.

गेल्या वर्षी टोळी अशीच लवकर आली होती. भिंगरीनं आढी बघितली, तीन फळं मऊ लागली, तिनं "तोडा" म्हटलं. अख्खा खालचा तुकडा एका दिवसात मोकळा झाला. माल व्यापाऱ्याकडं गेला आणि पंधरा दिवस नुसता पडून राहिला. एक फळ मऊ पडेना. व्यापाऱ्यानं नमुना म्हणून दोन क्रेट परत पाठवले. वर चिठ्ठी होती, "हे खायचं आहे की क्रिकेट खेळायचं?" भिंगरीनं फोनवर त्याच्या सात पिढ्यांची झाडाझडती घेतली. "तुमच्या थंड खोलीनं मारली माझी फळं. माझ्या आढीत लोणी झालं होतं, तुमच्याकडं दगड कसा झाला?" माणूस तेवीस वर्षांचा ओळखीचा. त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच.

परत आलेल्यांतलं एक फळ लेकीनं जपून ठेवलंय. सुकून, काळं पडून ते अक्रोडाएवढं झालंय. शेडमधल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ती ते वर ठेवते. भिंगरी रोज त्याच्याकडं पाठ करून बसते. म्हणजे बसली तर.

लेक शहरात फळं तपासायच्या कामावर होती. त्या प्रकारानंतर नोकरी सोडून घरी आली, येताना एक छोटा ओव्हन आणि औषधाच्या दुकानात असतो तसा काटा घेऊन. फळाचे पातळ काप करायचे, तोलायचे, ओव्हनमध्ये सुकवायचे, पुन्हा तोलायचे. वजन उतरायचं थांबलं की उरलं ते फळाचं सत्त्व. शंभरात तेवीस उरले तर फळ तयार. तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, "यंदा आढी नाही, काटा." भिंगरी म्हणाली होती, "बघू." ह्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळे यंदा आढीही लागली आणि काटाही.

बाराच्या सुमारास टोळीच्या मुकादमाचा फोन आला.

"वहिनी, काय करायचं? ट्रक सांगून ठेवू का उद्याचा?"

"चारपर्यंत सांगते."

"चार म्हणजे चार हं. नाहीतर तुमचं घड्याळ तुमच्यासारखंच, जागेवर नसतं."

"फोन ठेव, शहाण्या."

फोन ठेवला आणि तिचे पाय आपोआप पेटीकडं वळले. लेक जेवायला घरात गेली होती. झाकण वर झालं, भुसा बाजूला झाला. पहिलं फळ दाबलं. अंगठा आत गेला! दुसरं, तेही दबलं. चौथं, तेही. भिंगरीच्या अंगात वारं शिरलं.

"अगं ए! भावजी! या इकडं सगळे! आली, आली बाग पाडाला!"

लेक हातातला घास घेऊनच धावत आली. मागून भावजी. हा भिंगरीचा धाकटा दीर. पंप, ट्रॅक्टर आणि गंजलेल्या सगळ्या वस्तू त्याच्या ताब्यात. बोलणं कमी, चालणं त्याहून कमी. भिंगरी एका दिवसात चालते तेवढं तो महिन्यात चालतो, आणि दोघांचं तरीही बरं जमतं.

"तीन मऊ झाली, सहाव्या दिवशी," भिंगरी म्हणाली. "आता काय म्हणतोय तुझा काटा?"

"एकवीस म्हणतोय. कालच सांगितलं होतं. चार झाडांची चार फळं भाजली, चारही एकवीसच्या आसपास. दोन आठवडे तरी हवेत."

"दोन आठवड्यांत झाडांच्या मुळाशी बेडूक पोहतील."

"म्हणून कोवळं तोडायचं? गेल्या वर्षीसारखं?"

"गेल्या वर्षी फळ तयार होतं! त्या व्यापाऱ्याच्या खोलीनं..."

"आई, त्याच खोलीत त्यानं बाकी दहा मळ्यांचा माल पिकवला. फक्त आपलाच कसा मेला?"

भिंगरीनं आवाज चढवला. "तुझ्या आजोबाच्या वेळेपासून आढी बघून तोडतोय आम्ही. तेव्हा तुझा ओव्हन कुठं होता? हात लाव, हे बघ, लोणी झालंय लोणी!"

भावजी इतका वेळ हाताचं ग्रीस फडक्याला पुसत होता. तो पुढं झाला, एक मऊ फळ उचलून त्यानं हातात फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "सुरी आहे का?"

त्यानं फळ उभं कापलं. आतला गर पिवळट हिरवा, ताठ, बीला घट्ट धरून बसलेला. फक्त देठाजवळ सालीखाली एक तपकिरी डाग. लांबट, वरून गोल. डागातला गर लगद्यासारखा झालेला, बाकी फळावर सुरी करकरत होती. त्यानं दुसरं कापलं. तोच डाग, त्याच जागी. तिसरं कापायच्या आधी त्यानं भिंगरीकडं पाहिलं.

"वहिनी, अंगठा द्या जरा."

"कशाला? सही करायचीय?"

"द्या तर खरं."

त्यानं तिचा उजवा अंगठा धरून डागावर टेकवला. बोटात जोडवं बसावं तसा बसला.

"मापाचाच की हो," भावजी म्हणाला.

लेकीला हसू फुटलं, तिनं ते घासाबरोबर गिळलं. भिंगरीला हसू आलं नाही. ती त्या डागाकडं बघत राहिली. दिवसातून किती वेळा पेटी उघडली असेल? दहा? पंधरा? सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, चहानंतर, मोटर बघून आल्यावर, मोटर पुन्हा बघायला जाताना. दर वेळी देठाजवळ, तोच अंगठा, तीच जागा. फळ पिकलंच नव्हतं. तिनं ते दाबून दाबून कुजवलं होतं.

"मग इतकी वर्षं?" ती म्हणाली. "हे गेल्यापासून मीच बघत आले आढी. तेव्हा नाही ते चुकलं?"

"तेव्हा टोळीच उशिरा यायची," भावजी म्हणाला. "तोवर बाग आपोआप तयार झालेली असायची. तुम्ही दाबा नाहीतर ओवाळा, काही बिघडत नव्हतं. गेल्या वर्षी टोळी पहिल्यांदा लवकर आली."

मग त्यानं सुरी फडक्याला पुसली. पुढचं बोलावं की नको, असा त्याचा चेहरा झाला. "दादा म्हणून तर कुलूप लावायचा."

"काय?"

"पेटीला. म्हणायचा, हिला दम धरवत नाही, ही आढी अंगठ्यानं पिकवते. नवीन लग्न झालं होतं तुमचं, तेव्हा एकदा सगळी सात फळं तुम्ही दाबून काळी केली होती. त्यानंतर त्यानं कुलूप आणलं."

"आणि मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"दाबायचं सोडलं असतं!"

भावजीनं पेटीच्या झाकणाकडं पाहिलं. लेकीनंही. भिंगरीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

ती खालच्या तुकड्याकडं निघाली ते काही कामासाठी नाही, शेडमध्ये उभं राहवेना म्हणून. ओळीओळीतून चालताना डोक्यात एकच चक्र फिरत होतं. बावीस वर्षं ह्या माणसाला कंजूस म्हटलं. शेजारणीला सांगितलं, सासूला सांगितलं, त्याच्या तोंडावर सांगितलं. आणि तो मेला बोलला नाही. बोलला असता तर तीन दिवस भांडण झालं असतं हे खरं, पण संपलं तर असतं! आता भांडायचं कुणाशी? तिनं कमरेचा फोन काढला, व्यापाऱ्याचा नंबर बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं आणि फोन परत खोचला. ते काम उभ्या उभ्या होणारं नव्हतं. त्याला बसावं लागणार होतं.

नदीकाठच्या शेवटच्या ओळीत ती थांबली. पाणी अजून खाली होतं, संथ, मातकट. जुन्या झाडांवर ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या उन्हात तिला एक गोष्ट दिसली. बरीचशी फळं तेल लावल्यासारखी चकाकत होती. पण फांद्यांच्या टोकांची मोठी फळं चकाकत नव्हती. त्यांची साल निस्तेज झाली होती, जुन्या चपलेच्या चामड्यासारखी. लेकीनं भाजलेली फळं तिला आठवली. लेक नेमकी, तिनं सरासरी बघायची म्हणून मधल्या मापाची तोडली होती. आढीतली सातही तसलीच.

भिंगरीनं पदर खोचला, फांदी वाकवली आणि तीन वेगवेगळ्या झाडांची तीन मोठी फळं कात्रीनं उतरवली, देठ बोटभर ठेवून. आणि नदीपासून शेडपर्यंत तिनं ती पदरात बांधून आणली, म्हणजे हात लागायला नकोत.

"ही भाज," तिनं टेबलावर ठेवली.

"आई, आता पुन्हा..."

"भाज म्हणतेय ना. लहान राहू देत. ही मोठी आहेत, आधीच्या फुलांची. ह्यांच्या सालीची चमक गेलीय. तुझा काटा काय म्हणतो ते बघू. आणि हे 'बघू' खरं आहे."

लेकीनं आईकडं पाहिलं, मग फळांकडं, आणि सुरी उचलली. काप झाले. तोलले. ओव्हनमध्ये गेले. बाहेर आले, तोलले, पुन्हा आत गेले. घड्याळात पावणेचार झाले होते. भिंगरी दोनदा उठली. तिसऱ्यांदा ओव्हनच्या दाराकडं हात गेला, तशी लेक गुरकावली, "आई!" तेव्हा ती एका उपड्या क्रेटवर बसली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. पाय मात्र शिवणयंत्र चालवावं तसे हलत राहिले. भावजीनं दारातून हे दृश्य पाहिलं आणि आवाज न करता मागे सरकला. असल्या गोष्टीला साक्षीदार असू नयेत, एवढी अक्कल त्याला होती.

"चोवीस," लेक म्हणाली. मग दुसरं, "चोवीसला जरा कमी." मग तिसरं, "पंचवीस."

"मग?"

"मग मोठी तयार आहेत, आई. फक्त मोठी. उद्या तेवढीच काढली तर निम्मा भार उतरेल. राहिलेल्यांना पंधरा दिवस मिळतील."

"टोळीतली माणसं लहान-मोठं ओळखतील? ती समोर येईल ते तोडतात."

"काकाला सांगते. तारेच्या कड्या वळून देईल, एकेकाच्या हातात एक. कडीतून पार झालं ते फळ झाडावरच ठेवायचं. अडकलं ते तोडायचं."

"आणि पाणी चढल्यावर राहिलेल्यांचं काय?"

"ते मला नाही माहीत," लेक म्हणाली. "त्याला ओव्हन नाही."

फोन वाजला. चारला दोन मिनिटं कमी होती. मुकादम.

"बोला वहिनी. तोडायचं ना?"

भिंगरीनं तोंड उघडलं. नऊ वर्षांचा शब्द जिभेवर येऊन उभा राहिला. तिनं फोन लेकीच्या हातात दिला.

"हॅलो, मी बोलतेय," लेक म्हणाली. "या उद्या, पण फक्त मोठी..."

तिकडून काहीतरी बोलणं आलं. लेकीनं फोन आईसमोर धरला. "म्हणतोय, वहिनींच्या तोंडून ऐकल्याशिवाय ट्रक सांगणार नाही."

"अरे ए," भिंगरी फोनमध्ये ओरडली, फोन हातभर लांब असताना. "आजपासून तोंड तिचं. माझं फक्त आरडायला उरलंय. ती सांगेल ते कर, आणि एकही लहान फळ तुटलं तर तुझ्या टोळीला मी क्रेटमध्ये भरून पाठवीन!"

"तोडा," लेक फोनमध्ये म्हणाली. मग सरळ उभी राहून पुन्हा म्हणाली, "तोडा. मोठी."

भिंगरीनं पेटीतली कापायची राहिलेली पाच फळं भुशात नीट झाकली. हात परत बाहेर काढला. क्षणभर झाकणावर ठेवला आणि मग उचलला.

"पंधरा दिवसांनी नवी आढी घालशील तेव्हा कुलूप आण," ती लेकीला म्हणाली. "कड्या भावजीकडून बसवून घे. आणि किल्ली मला दिसेल तिथं ठेवू नकोस."

"कुठं ठेवू?"

"मला कशाला सांगतेस, बावळट?"

टेबलावरच्या काळ्या वाळक्या फळाकडं तिनं वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं. उचललं, दाबून पाहिलं. दगड. परत कागदांवर ठेवलं. व्यापाऱ्याला फोन करायचा होता, पण तो जेवणानंतर, बसून.

शेडच्या भिंतीला टेकवलेलं फावडं तिनं खांद्यावर घेतलं. खालच्या तुकड्यातला नदीकडं जाणारा चर गेल्या वर्षीपासून बुजला होता. दहा दिवसांत तो कमरेइतका खोल झाला तर झिरपणारं पाणी त्यातून परत नदीत जाईल. गेलं तर गेलं.

"भावजी, कड्या वळून झाल्या की दुसरं फावडं घेऊन या," ती दारातून ओरडली. "आणि जरा चालत या, उगवत येऊ नका."

तिची पहिली माती चराबाहेर पडली तेव्हा भावजी अजून तार शोधत होता.